इयत्ता आणि पातळी : मुंबईतील ‘बालसखी’ प्रयोग व त्यानंतरची दोन दशके

प्रस्तावना

‘संशोधनाधारित अध्यापन’ ही संज्ञा अलीकडे शिक्षक-प्रशिक्षणात आणि प्राध्यापकांच्या उजळणी वर्गांत सर्रास ऐकू येते. बहुतेक वेळा तिच्यामागे अध्यापनाच्या काही युक्त्यांची यादी असते. ती युक्ती कोणत्या वर्गात तपासली गेली, तुलना कोणाशी केली गेली आणि एका ठिकाणी यशस्वी ठरलेली पद्धती दुसरीकडे नेल्यावर तिचे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. ज्याच्याबाबत या तिन्ही प्रश्नांची उत्तरे तपशिलाने उपलब्ध आहेत, असा एक प्रयोग मुंबई आणि वडोदरा येथील महापालिका शाळांत २००१ ते २००३ या काळात झाला. ‘बालसखी’ या नावाने तो ओळखला जातो.

प्रस्तुत लेखात या प्रयोगाचा व त्याच्या पुढील वाटचालीचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. साहित्य, प्रशिक्षण, मदतनीस आणि वर्गसंख्या या घटकांना शिक्षणविषयक चर्चेत मोठे स्थान असते. या प्रयोगमालेत मात्र संपादणुकीतील वाढ प्रामुख्याने एका गोष्टीशी निगडित दिसते. ती गोष्ट म्हणजे दिवसाचा काही काळ मुलांना इयत्तेऐवजी त्यांच्या प्रत्यक्ष पातळीनुसार बसविणे. ही कल्पना या देशात पूर्वीही होती, म्हणून आढाव्याचा आरंभ थोडा मागून करावा लागतो.

पंतोजींची शाळा ते ‘स्टँडर्ड’

इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत आजच्या अर्थाने वर्ग नव्हते. धूळपाटीवर अक्षरे गिरविणारा मुलगा, मोडीचे वळण घोटणारा मुलगा आणि पावकी, निमकी, दिडकी पाठ म्हणणारा मुलगा हे एकाच पडवीत किंवा देवळाच्या ओवरीत बसत. प्रत्येक जण स्वतःच्या गतीने पुढे सरके. पुढे गेलेला मुलगा मागच्याला शिकवी. या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तेथे मारझोड होती, अर्थापेक्षा पाठांतराला महत्त्व होते आणि बहुसंख्य जातींतील मुलांना व जवळजवळ सर्व मुलींना तिचे दार बंद होते. तथापि मुलाला कोणता धडा द्यायचा हे त्याला काय येते यावर ठरत असे, एवढी बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

हीच बाब मद्रासजवळील एग्मोर येथे अँड्र्यू बेल याच्या पाहण्यात आली. १७८९ मध्ये तेथील अनाथ मुलांच्या संस्थेची व्यवस्था त्याच्याकडे आली होती. देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना पाहून त्याने तो प्रकार आपल्या संस्थेत आणला, मोठ्या मुलांना लहानांचे शिक्षक केले आणि या प्रयोगाची हकिकत १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केली. १७९८ मध्ये जोसेफ लँकेस्टर याने लंडनमध्ये शाळा काढून तशाच स्वरूपाची पद्धती विकसित केली. लँकेस्टरच्या शाळेत एकच मुलगा वाचनासाठी एका गटात व अंकगणितासाठी दुसऱ्या गटात बसू शकत असे. पुढे ही पद्धती मुंबई इलाख्यात परत आली. १८२२ मध्ये स्वतंत्र झालेल्या बॉम्बे नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटीने तिचा पुरस्कार केला. सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे या संस्थेचे एतद्देशीय चिटणीस होते. देशी शाळेतून निघालेली कल्पना विलायतेचा शिक्का घेऊन देशी शाळा सुधारण्यासाठी परत यावी, हा इतिहासातील एक विनोदच म्हणावा लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र बदलले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याच्या १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर अवलंबून ठेवले. वाचन, लेखन व अंकगणित यांचे ठरावीक ‘स्टँडर्ड’ निश्चित झाले आणि निरीक्षक येऊन प्रत्येक मुलाची त्या त्या स्टँडर्डची परीक्षा घेऊ लागला. निकालावर अनुदान देण्याची ही रीत हिंदुस्थानातही आली. १८८२ च्या हंटर आयोगाने प्राथमिक शाळांसाठी तिला अनुकूलता दर्शविली आणि १९०४ च्या शिक्षणविषयक सरकारी ठरावानंतर ती मागे पडली. रीत गेली, पण इयत्तांची उतरंड राहिली. ‘इयत्ता’ या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ ‘एवढेपण’, म्हणजे माप किंवा मर्यादा असा आहे, आणि इंग्रजी ‘स्टँडर्ड’ हेही मापच. काळाच्या ओघात हे ज्ञानाचे माप वयाचे माप बनले. ‘मुलगा चौथीत आहे’ या वाक्यातून आज त्याचे वय कळते. त्याला काय येते हे कळेलच असे नाही.

हंटर आयोगापुढे १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी मांडलेल्या दोन सूचना या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते त्या समाजात मिसळतील व त्याच्या गरजा समजू शकतील, ही पहिली सूचना. दुसरी देखरेखीविषयी होती. उपनिरीक्षकाने वर्षातून एकदा शाळेला भेट देऊन काही साधत नाही. तपासणी निदान तीन महिन्यांनी व्हावी आणि अधूनमधून पूर्वसूचना न देताही व्हावी, असे त्यांनी सुचविले. या दोन्ही सूचनांचा प्रत्यय सव्वाशे वर्षांनंतरच्या प्रयोगांत कसा आला, हे पुढे दिसून येईल.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिली व दुसरी या इयत्ता एक अखंड, वर्गविरहित घटक मानाव्यात आणि शक्य तेथे हा घटक चौथीपर्यंत वाढवावा, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर परिसरात प्रत्यक्ष शैक्षणिक काम केलेले होते. शिफारस कागदावर राहिली. शाळेचे वेळापत्रक, पाठ्यपुस्तक, हजेरीपट आणि परीक्षा हे सारे इयत्तेभोवती बांधलेले होते आणि त्यांपैकी काहीही बदलले नाही.

बालसखी : रचना आणि निष्कर्ष

१९९० च्या दशकाच्या मध्यावर युनिसेफच्या साहाय्याने मुंबईत ‘प्रथम’ ही संस्था सुरू झाली. माधव चव्हाण व फरीदा लांबे हे तिचे संस्थापक. आरंभी वस्त्यांमधील बालवाड्यांवर भर होता. महापालिका शाळांत तिसरी-चौथीपर्यंत पोहोचलेल्या अनेक मुलांना वाचता येत नाही असे लक्षात आल्यावर १९९८ च्या सुमारास बालसखी कार्यक्रम सुरू झाला आणि पुढील वर्षी तो वडोदऱ्यात गेला.

कार्यक्रमाची रचना साधी होती. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतील, बहुधा शालान्त शिक्षण झालेली तरुणी. तिला वर्षारंभी सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन मिळे. तिसरी-चौथीच्या वर्गशिक्षकाने मागे पडलेली १५ ते २० मुले निवडायची. शाळेच्या सुमारे चार तासांपैकी दोन तास ही मुले बालसखीकडे जात आणि पहिली-दुसरीत यायला हवे होते ते वाचन व अंकगणित शिकत. जागा मिळेल तेथे, प्रसंगी व्हरांड्यातही, हे वर्ग भरत.

अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडेन या अर्थशास्त्रज्ञांनी या कार्यक्रमाचे मूल्यमापन यादृच्छिक पद्धतीने केले. सोडत पद्धतीने काही शाळांत बालसखी तिसरीला, तर उरलेल्यांत चौथीला देण्यात आली. त्यामुळे प्रत्येक शाळेला काही ना काही मिळाले आणि तुलनेसाठी एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या बालसखी नसलेल्या तिसरीशी ताडून पाहता आली. निवडलेल्या शाळा मुळातच चांगल्या होत्या किंवा तेथील मुख्याध्यापक उत्साही होते, असा आक्षेप अशा रचनेवर घेता येत नाही. दोन्ही शहरे मिळून १५,००० हून अधिक विद्यार्थी या अभ्यासात होते. प्रारंभिक चाचणीचे चित्र बोलके होते : पहिलीच्या पातळीचे गणित वडोदऱ्यातील तिसरीच्या पाचांपैकी सुमारे एका मुलालाच येत होते.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार बालसखी असलेल्या वर्गांची सरासरी पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढली. संख्याशास्त्राची सवय नसलेल्यांसाठी सांगायचे तर, शंभर मुलांच्या रांगेत नेमके मध्यावर असलेले मूल दुसऱ्या वर्षाच्या परिणामाने सुमारे अकरा क्रमांक पुढे सरकले. वाढ प्रामुख्याने मागे असलेल्या मुलांची होती.

या निष्कर्षांपैकी एकाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पंधरा-वीस मुले बालसखीकडे गेल्यावर मूळ वर्ग दोन तास लहान होत असे. वर्गसंख्या कमी झाली की अध्यापन आपोआप सुधारते, ही आपल्याकडील लाडकी समजूत खरी असती, तर मागे राहिलेल्या मुलांचीही प्रगती दिसायला हवी होती. तशी ती फारशी दिसली नाही. वर्गशिक्षक तोच धडा, त्याच गतीने, कमी मुलांना शिकवीत राहिले. बालसख्या वारंवार बदलत. साधारण वर्षभर काम करून पुष्कळ जणी सोडून जात. तरीही परिणाम टिकला, म्हणजे यश काही थोड्या असामान्य व्यक्तींचे नव्हते.

त्याच संशोधनात वडोदऱ्यातील संगणक-साहाय्यित गणिताचाही अभ्यास झाला. शासनाने शाळांना दिलेले संगणक फारसे वापरात नव्हते. चौथीच्या मुलांना दोघांत एक याप्रमाणे आठवड्याला दोन तास त्यांवर गणिताचे खेळ देण्यात आले आणि मुलाच्या उत्तरानुसार खेळाची काठिण्यपातळी बदलत असे. गणितातील वाढ पहिल्या वर्षी ०.३५ व दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलन होती. येथेही उदाहरण मुलाच्या पातळीचे होते, हे साम्य नजरेआड करता येत नाही. खर्चाची तुलना मात्र बालसखीच्या बाजूने होती : दर विद्यार्थी वर्षाला सुमारे सव्वादोन डॉलर, तर संगणकासाठी सुमारे पंधरा.

मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने दोन्हींचा परिणाम सुमारे ०.१० पर्यंत घटला. मोजमाप भाषा व गणिताच्या मूलभूत कौशल्यांपुरते होते. शिवाय ५०० ते ७५० रुपयांत काम करणाऱ्या तरुणींच्या श्रमावर हे यश उभे होते. महाराष्ट्रात २००० पासून प्राथमिक शिक्षणसेवक ३,००० रुपये मानधनावर नेमले जात होते, त्या काळाशी ताडून पाहता ‘स्वस्त शिक्षक पुरतो’ असा सोयीचा अर्थ या संशोधनातून काढला जाण्याचा धोका होता आणि शिक्षक संघटनांची त्याबाबतची साशंकता अनाठायी म्हणता येणार नाही. पुढील प्रयोगांनी या धोक्याला बऱ्याच अंशी उत्तर दिले.

तेच शिक्षक, वेगळे निकाल

बालसखीनंतरचा प्रश्न सरळ होता. पद्धती परिणामकारक आहे, तर ती सरकारी शाळेतील नियमित शिक्षकाकडून का राबवू नये? २००५ मध्ये सुरू झालेल्या ‘असर’ या वार्षिक पाहणीने ग्रामीण भारतातील वाचनाची स्थिती पुढे आणली होती. तिची चाचणी शिक्षकांनाही सहज वापरता येण्याजोगी होती : मुलाला समोर बसवून अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद व दुसरीची गोष्ट यांपैकी तो काय वाचू शकतो ते पाहायचे. २००७ मध्ये ‘प्रथम’ने ‘रीड इंडिया’ मोहीम आरंभली आणि राज्य शासनांशी सहकार्याचे करार केले.

त्याआधी उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५ मध्ये गावातील स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले होते. जी मुले आली ती वाचू लागली. अडचण अशी, की वर्ग भरलेल्या गावांतील जेमतेम ८ टक्के मुले तेथे आली. म्हणजे शाळा टाळून हा प्रश्न सुटणार नव्हता.

बिहारमधील पश्चिम चंपारणचा अनुभव या साऱ्या इतिहासाचा मर्मबिंदू आहे. २००८ च्या जूनमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुटीत तिसरी ते पाचवीच्या मागे पडलेल्या मुलांसाठी शिबिरे घेतली. साहित्य आणि पद्धती ‘प्रथम’ची होती. काही आठवड्यांतच मुलांच्या वाचनात मोजण्याइतकी प्रगती दिसली. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना तेच साहित्य मिळाले, प्रशिक्षणही मिळाले. परंतु केवळ साहित्य दिलेल्या शाळांत आणि साहित्य व प्रशिक्षण दोन्ही दिलेल्या शाळांत संपादणूक जागची हलली नाही. ज्या शाळांना यांच्या जोडीला स्वयंसेवक मिळाले आणि त्यांनी शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेतले, तेथेच फरक पडला. उत्तराखंडमध्येही स्वयंसेवक दिले गेले होते. तेथे शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गाला मदतनीस म्हणून जोडून घेतले आणि परिणाम शून्य राहिला.

म्हणजे जूनमध्ये शिकवू शकणारा शिक्षक जुलैनंतर अकार्यक्षम झाला काय? तसे मानणे हास्यास्पद ठरेल. जूनमध्ये त्याच्यापुढे अभ्यासक्रम नव्हता, समोरच्या मुलाला वाचता यावे एवढेच काम होते. शाळा उघडताच पाठ्यपुस्तक आले, त्याबरोबर घटक नियोजन आले, आणि नवे साहित्य फार तर जुन्या तासाला तोंडी लावण्यापुरते उरले. शिक्षकांचे प्रशिक्षण हा आपल्याकडे सर्व शैक्षणिक दुखण्यांवरचा रामबाण मानला जातो. चंपारणची आकडेवारी त्या समजुतीला चांगलाच धक्का देते.

हा धडा घेऊन २०१२–१३ मध्ये हरियाणात रचना बदलली गेली. रोजच्या वेळापत्रकातील एक तास फक्त या कामासाठी राखला. त्या तासात तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता सोडून पातळीनुसार गटांत बसत. शिक्षक सरकारी, शाळा सरकारी. शिवाय गट साधन केंद्रांच्या सहायक समन्वयकांनी प्रथम स्वतः काही दिवस मुलांना या पद्धतीने शिकविले आणि मग शिक्षकांना मार्गदर्शन करण्यासाठी ते शाळांना नियमित भेटी देऊ लागले. हिंदीतील संपादणूक ०.१५ प्रमाण विचलनाने वाढली. गणितात फरक पडला नाही. बालसखीच्या तुलनेत हा आकडा लहान वाटतो, पण तो नियमित शासकीय यंत्रणेने मिळविलेला असल्याने त्याचे मोल अधिक आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या उपनिरीक्षकाविषयीची जोतीरावांची तक्रार येथे आठवल्यावाचून राहत नाही. ज्यांनी ही पद्धती स्वतः वापरून पाहिली आहे अशांची वारंवार होणारी भेट हा हरियाणाच्या रचनेतील महत्त्वाचा दुवा होता.

उत्तर प्रदेशात देखरेखीची अशी यंत्रणा उभी करता येण्याजोगी नव्हती. तेथे २०१३–१४ मध्ये ‘प्रथम’च्या कार्यकर्त्यांनी स्वयंसेवकांच्या मदतीने सरकारी शाळांतच दहा किंवा वीस दिवसांची सलग अध्ययन शिबिरे घेतली, वर्षभरात एकूण सुमारे पन्नास दिवस. परिणाम ०.६ ते ०.७ प्रमाण विचलन इतका, म्हणजे या साऱ्या मालिकेत सर्वाधिक आढळला.

केनियातील संशोधनानेही याच दिशेने निर्देश केला होता. तेथे पाठ्यपुस्तके मोफत वाटल्यावर लाभ झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना, कारण पुस्तक त्यांच्याच पातळीचे होते. त्या अभ्यासातील एक संशोधक मायकल क्रेमर यांना बॅनर्जी व दुफ्लो यांच्यासमवेत २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कलम २४ आणि दोन कर्तव्ये

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यातील कलम २४ शिक्षकाची कर्तव्ये सांगते. विनिर्दिष्ट वेळेत संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करणे हे त्यांपैकी एक. त्याच्या लगेच पुढच्या खंडात प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता तपासून गरजेप्रमाणे पूरक अध्यापन करणे हे दुसरे कर्तव्य येते. अधिनियमाच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयानुरूप इयत्तेत प्रवेश मिळतो, आणि सामाजिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे एकाच वर्गातील पातळ्यांचे अंतर वाढते आणि दुसऱ्या कर्तव्याचा भार अधिक होतो. ही दोन कर्तव्ये कायद्यात शेजारी असली तरी वेळापत्रकात त्यांना समान जागा नाही. अभ्यासक्रम पूर्ण झाला की नाही हे दैनिक टाचणावरून कोणालाही तपासता येते. मुलाला वाचता येऊ लागले की नाही हे पाहण्यासाठी त्याच्याजवळ बसावे लागते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने पायाभूत चाचण्या सुरू केल्या आणि कोणत्या मुलाला काय येत नाही हा प्रश्न शासकीय पत्रव्यवहारात आणला, हे त्याचे श्रेय होय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाला अग्रक्रम दिला आणि २०२१ मध्ये त्यासाठी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. पातळीचा प्रश्न आता धोरणाच्या मध्यभागी आला आहे, यात शंका नाही. परंतु चाचणी घेऊन पातळी नोंदविणे आणि त्या पातळीवर शिकविण्यासाठी रोजचा वेळ राखून ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट आदेशाने होते. दुसरीसाठी पाठ्यक्रमाचा काही भाग मागे पडला तरी चालेल, असे कोणीतरी लेखी म्हणावे लागते.

महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही हा पेच अपरिचित नाही. प्रथम वर्षासाठी सेतू वर्ग आणि उपचारात्मक अध्यापन यांचे अहवाल मूल्यांकन समितीपुढे ठेवले जातात. मात्र हे वर्ग बहुधा नियमित तासिकांनंतर, विद्यार्थ्यांच्या एस. टी. च्या वेळेला भरतात, आणि सकाळच्या तासिकेत ठरलेल्या घटकापासूनच सुरुवात होते.

हरियाणातील सहायक समन्वयकांच्या जागी महाराष्ट्रात केंद्रप्रमुख आहेत. त्यांची रिक्त पदे आणि त्यांच्याकडील माहिती-संकलनाची कामे हे विषय वारंवार चर्चेत येतात. दहा-बारा शाळांमागे एका केंद्रप्रमुखाला महिन्यातील किती दिवस मुलांसमोर बसता येते, आणि त्याने स्वतः या पद्धतीने किती दिवस शिकविले आहे, याच्या नोंदी शाळांच्या भेटवह्यांत आहेत. त्या नोंदींचा जिल्हावार अभ्यास अध्यापक महाविद्यालयांना हाती घेता येईल.